शिफारसपत्र, पाचच्या आत

ताईंनी चावी टेबलावर अशा थाटात ठेवली, की सगळ्यांनी आपापले चहाचे कप उचलून घेतले.

“कोपऱ्यावरचा गाळा. आधी चष्म्याचं दुकान होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता अजून तसाच आहे, तो काढू नका म्हणून सांगितलंय मी मालकाला. पेशंटना बसल्या बसल्या वाचायला होईल.”

“कुठल्या पेशंटना?” सुनेनं विचारलं.

“तुझ्या!”

ताई म्हणजे घरची थोरली लेक. जागा भाड्यानं लावून देण्याचा धंदा. रिकामा गाळा दिसला की त्यांना अस्वस्थ व्हायचं, आणि भावजय पुढं शिकायचं म्हणते आहे हे कळल्यापासून त्या जास्तच अस्वस्थ होत्या.

“तू ते अॅडव्हान्स्ड क्लिनिकल करणार ना? मग क्लिनिक आलंच. तेही साधं नाही, अॅडव्हान्स्ड. दोन खोल्या तरी हव्यातच.”

“ताई, क्लिनिकलमध्ये क्लिनिक नसतं.”

“मग काय असतं?”

“पेशंट असतो. हॉस्पिटलात, खाटेवर.”

“तो तर तुझ्याकडं आत्ताही आहे की!”

सहा आठवडे सून याच वाक्याला उत्तर शोधत होती. रविवारचे अडीच वाजले होते, अर्जाची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत होती, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर दोन रिकामे चौकोन तिच्याकडं बघत होते. पहिल्यापुढं लिहिलं होतं, ‘अॅडव्हान्स्ड क्लिनिकल नर्सिंग, अतिदक्षता’. दुसऱ्यापुढं, ‘नर्सिंग व्यवस्थापन व अध्यापन’. दुसरं घरापासून वीस मिनिटांवर होतं, फक्त शनिवार-रविवार. पहिल्यासाठी चार तास गाडीनं जाऊन सोमवार ते शुक्रवार वसतिगृहात राहायचं, आणि असं दोन वर्षं. घरात चार वर्षांची लेक होती, भिंगरी. भिंगरी आत्ता टेबलाखाली बसून आजोबांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होती.

“वर्षातनं एकदा माझी लेक मुद्द्याचं बोलते,” खिडकीजवळून आवाज आला. “पेशंट आत्ताही आहे. दुसऱ्या चौकोनात खूण कर, स्टाफ, आणि मोकळी हो.”

हा आवाज सासूबाईंचा. पाठीमागं अख्खं घर त्यांना मेट्रन म्हणे, नवरा तर तोंडावरसुद्धा. निवृत्तीला पाच वर्षं झाली तरी त्यांच्या गाऊनवर छातीपाशी ते उलटं टांगलेलं घड्याळ असायचंच. सुनेला त्या ‘स्टाफ’ म्हणत, कारण ती सून व्हायच्या आधी चार वर्षं त्यांच्याच वॉर्डात स्टाफ नर्स होती. लग्नानंतर दोघींनी ‘आई’ आणि ‘बाळ’ असं म्हणून पाहिलं होतं. पण तसं म्हटलं की दोघींनाही तिसरंच कुणीतरी खोलीत आल्यासारखं वाटायचं.

“पण आई, तिला ते नकोय,” मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, म्हणाला.

“तुला कोणी विचारलं?”

“म्हणूनच मी हे करून आणलंय.” आणि त्यानं गुंडाळी उलगडली.

मुलगा इमारतींचे नकाशे काढायचा. जे तोंडानं बोलायला जमत नाही ते तो कागदावर काढून दाखवी. बायकोलासुद्धा लग्नाचं त्यानं असंच विचारलं होतं, जिना कुठं येईल ते दाखवून. आता त्यानं घराचा नकाशा काढून त्यावर भिंगरीचा आठवडा बसवला होता. आंघोळ, बालवाडी, जेवण, झोप, खोकला, सगळं बाणांनी जोडलेलं. काम सुरेख होतं. मेट्रनचे यजमान नाना पुढं वाकले, वाकताना बुटांच्या गाठीनं अडखळले, आणि कौतुकानं म्हणाले, “अक्षर छान आलंय.”

मेट्रननी चष्मा लावला. त्यांना नकाशाचं कौतुक नव्हतं, त्या बाण मोजत होत्या. एकूण एकेचाळीस. त्यातल्या चौतीस बाणांवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: आई.

“या बाणांवरनं चालायचंय कोणी?”

“म्हणजे… तू अधूनमधून.”

“चौतीस वेळा अधूनमधून? माझे गुडघे तुझ्या नकाशात दिसत नाहीत मला. हा बाण तर जिन्यावरनं वर जातोय!”

“तो खोकल्याचा आहे.”

“मग खोकल्याला सांग खाली यायला.”

ताई खदखदून हसल्या, आणि हसता हसता त्यांचं मत फिरलं. क्लिनिक नाही, तर चार तास लांब जायचं कशाला? दुसरा कोर्स केला की ही कॉलेजात शिकवील, कॉलेजाच्या मुलींना राहायला खोल्या लागतील, आणि खोल्या तर ताईंकडं बक्कळ होत्या. त्यांनी चावी पुन्हा पर्समध्ये टाकली. “मी आईच्या बाजूनं,” त्या म्हणाल्या. दोन विरुद्ध एक झालं. नाना बुटांत अडकले होते, त्यांचं मत कुणी धरलं नाही.

सुनेनं सगळ्यांकडं एकदा पाहून घेतलं. हे ती वॉर्डातही करायची, ड्यूटी सुरू होताना एका नजरेत बाराच्या बारा खाटा. कोण कण्हतंय त्यापेक्षा कोण गप्प आहे ते आधी बघायचं. आत्ता गप्प फक्त ती स्वतः होती.

“खरी अडचण वेगळीच आहे,” ती म्हणाली. “दुसरं शिफारसपत्र अजून नाहीये. त्या पत्रात कोर्सचं नाव लिहावं लागतं. ज्या कोर्सचं पत्र असेल त्याच चौकोनात खूण करता येते.”

“पत्र देणार कोण?”

“पहिल्या नोकरीत जिच्या हाताखाली काम केलं तिनं.”

सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या.

मेट्रननी छातीवरचं घड्याळ उचलून पाहिलं. “देते म्हटलं होतं ना मी.”

“तीन आठवड्यांपूर्वी,” मुलगा म्हणाला. “आई, तू त्रास नको घेऊ. मी टाइप करतो, तू नुसती सही कर. ‘अर्जदार अत्यंत मेहनती, प्रामाणिक, हसतमुख…’”

“हसतमुख? ही?”

“मॅडम!” सुनेच्या तोंडून निघून गेलं. घाबरली की ती अजून मॅडमच म्हणायची.

“बरोबर आहे तेच बोलतेय. आणि हे ‘अत्यंत’ काय असतं? अत्यंत ताप आहे, असं लिहितो का आपण? एकशे दोन लिहितो. वाटलं ते लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. सदतीस वर्षं मी तेच लिहिलं, आता सुनेसाठी खोटं लिहू?” त्या खुर्चीचे हात धरून उठल्या. एकदा गुडघा कटकन वाजला, तो सगळ्यांना ऐकू जाईल इतका वेळ थांबल्या. “माझं पॅड कुठाय? निळं पेन. आणि लाल.”

“आई, कुठल्या कोर्ससाठी लिहिणार?” ताईंनी विचारलं.

खोलीचं दार लागलं.

*

दारापलीकडं मेट्रन पलंगाच्या कडेवर बसल्या. पॅड मांडीवर होतं आणि मनात रागच होता. या पोरीला कळत नव्हतं की आपण तिला वाचवतोय. उभं राहून राहून पोटऱ्यांच्या निळ्या शिरा कशा दोरखंडासारख्या होतात ते त्यांच्या पायांवर कुणालाही वाचता आलं असतं. मेट्रनची खुर्ची मिळाली तेव्हा त्यांनी घरी येऊन पेढे वाटत ते सांगितलं होतं. मग बावीस वर्षं त्या खुर्चीतनं त्यांनी पेशंट पाहिला तो रजिस्टरमध्ये. हे त्या कुणाला सांगत नसत.

त्यांनी वर तारीख घातली. वेळ घातली, दोन पंचावन्न. आणि सवयीप्रमाणं पहिली ओळ लिहिली. ती लिहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पत्र कसं लिहितात ते आपल्याला येतच नाही. आपल्याला फक्त नोंद येते. हातानं मात्र ते कधीच ओळखलं होतं, आणि तो पुढं चालला होता.

*

बाहेर सून भिंगरीला फळ चिरून देत होती, एकसारख्या आठ फोडी.

“ती बूट उलटे घालते,” ती नवऱ्याला म्हणाली. “सांगितल्याशिवाय तिच्या लक्षात येत नाही. पाच दिवस उलटे घालील.”

“पाच दिवसांत पाय वाकडे होत नाहीत.”

“ताप आला तर ती सांगत नाही. नुसती गप्प होते. तू विचारशील, बरं आहे का, ती हो म्हणेल, आणि तू विश्वास ठेवशील.”

“मग काय करू?”

“मानेच्या मागं हात लावायचा. कपाळाला नाही.”

त्यानं नकाशाच्या कडेला लिहून घेतलं: मान, मागून. ते बघून तिला हसावंसं वाटलं आणि रडावंसंही. नेमकं काय करावं हे न कळून तिनं नववी फोड केली.

“आई,” भिंगरी म्हणाली, “तू गाडीनं जाणार?”

“अजून ठरलं नाही गं.”

“खिडकीपाशी बस. नाहीतर मी बसते, तू जाऊ नको.”

नाना इतका वेळ पेपर वाचत होते, म्हणजे पेपरातल्या चुकांवर खुणा करत होते. आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेलं, त्यामुळं त्यांना बातमी अशी कधी दिसायचीच नाही. ते सुनेजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “एक विचारू? ताई मघाशी म्हणाली ते. पेशंट आत्ताही आहे, मग वेगळं काय?”

तिनं सुरी खाली ठेवली.

“नाना, आत्ता मला जे दिसतं ते मी सांगते. मग ज्याला सांगितलं तो येईपर्यंत थांबते. हा कोर्स केला की काही तपासण्या, काही पहिले उपचार, माझ्या सहीनं सुरू होतील. थांबायला लागणार नाही. बस, एवढंच आहे.”

“एवढंच होय,” नाना म्हणाले, आणि बराच वेळ पेपरावर त्यांनी एकही खूण केली नाही.

*

चार वाजून एकोणीस मिनिटांनी दार उघडलं. मेट्रनच्या हातात तीन पानं होती, निळ्या अक्षरांत मध्येमध्ये लाल. त्यांनी ती सुनेला न देता नानांपुढं धरली. “शुद्धलेखन बघा. बाकी काही बघू नका.”

नानांनी पानं घेतली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. छापखान्यात एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ कागद बघायचा असा रिवाज होता, त्यामुळं ते वाचताना खुणासुद्धा वाचत. नातीला गोष्ट सांगतानाही वाचत. घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे.

“‘अर्जदाराशी नातं, दोन टिंबं. वॉर्डात स्टाफ, स्वल्पविराम, घरात सून. पूर्णविराम. स्टाफ आधी होती. पूर्णविराम. पहिला दिवस. सात मिनिटं लवकर हजर. बूट नवे, स्वल्पविराम, चावत होते. सांगितलं नाही. पूर्णविराम. आहार, दोन टिंबं. डबा तसाच परत नेला.’” नाना थांबले. “मेट्रन, हे शिफारसपत्र आहे की केसपेपर?”

“शुद्धलेखन बघा म्हटलं ना.”

“‘शुद्धीवर. प्रश्नांना उत्तरं देते. हसतमुख नाही.’”

“आई!” मुलगा ओरडला. “हे पाठवायचं? तिकडं प्रोफेसर लोक वाचणार!”

“मग त्यांना वाचू दे. पुढं.”

सुनेचे कान गरम झाले होते. पाचला एक्केचाळीस मिनिटं कमी होती, आणि सहा आठवड्यांची तिची स्वप्नं एका आहाराच्या नोंदीवर येऊन पडली होती. ताईंनी दया येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. “जाऊ दे गं. त्या चष्म्याच्या दुकानात काहीतरी करू आपण.”

“‘चौथा महिना,’” नाना वाचत होते. “‘खाट नऊ. पोटाचं ऑपरेशन झालेला इसम. मॉनिटरचे आकडे ठीक. दुपारी दोन दहा, स्वल्पविराम, स्टाफ म्हणाली पेशंट ठीक नाही. पूर्णविराम. विचारलं, कशावरून. म्हणाली, पोट कडक होतंय, रंग उतरलाय, आणि मघापर्यंत भांडत होता तो आता हो म्हणतोय. पूर्णविराम. डॉक्टरांना फोन. आले नाहीत. दोन पंचवीस, पुन्हा फोन. आले नाहीत. दोन चाळीस, पुन्हा फोन. स्टाफचा आवाज चढला. तिला शब्द शोभला नाही. पूर्णविराम. शब्द योग्य होता. पूर्णविराम. दोन पन्नास, डॉक्टर आले. आतून रक्त जात होतं. पेशंट जगला.’”

“कुठला शब्द?” भिंगरीनं टेबलाखालून विचारलं. नानांनी पुढची ओळ धरली.

“‘दोन दहा ते दोन पन्नास. चाळीस मिनिटं. स्टाफ खाटेपासून हलली नाही. काय करायला हवं ते तिला ठाऊक होतं. पूर्णविराम. करायचा अधिकार नव्हता. पूर्णविराम. मलाही नव्हता’”

आणि नाना पूर्णविराम म्हणायला विसरले.

खोलीत सगळ्यांच्या ते लक्षात आलं. छत्तीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच होत होतं. मेट्रन खिडकीबाहेर बघत होत्या, जणू तिकडं कुणी राउंडला यायचं होतं.

नानांनी घसा साफ केला. “‘घरचं निरीक्षण,’” त्यांनी तिसरं पान उलटलं, “‘भूक कमी. झोप कमी. कोर्सच्या जाहिरातीचा कागद फ्रिजवर सहा आठवडे. आज काढते उद्या काढते म्हणते. रोज वाचते. मला खिडकीजवळनं दिसतं. तक्रार नाही.’ पुढं लाल शाई आहे. ‘तक्रार आहे. सांगत नाही.’”

“आणि शेवटी?” ताईंनी विचारलं. त्या केव्हा उठून नानांच्या खांद्यामागं गेल्या, त्यांनाही कळलं नव्हतं.

“‘शिफारस, दोन टिंबं. मोठ्या केंद्रात हलवावे. अॅडव्हान्स्ड क्लिनिकल. सोबत नातेवाईक नकोत.’”

सुनेनं चेहरा ओंजळीत धरला. रडतेय की हसतेय ते बघायला भिंगरी टेबलाखालून बाहेर आली, आणि दोन्ही चाललंय हे पाहून परत आत गेली.

“आई,” मुलगा सावकाश म्हणाला, “पण तू तर दुसऱ्या चौकोनाच्या बाजूनं होतीस.”

“मी अजूनही आहे. मला ते वाटतं. पण वाटलं ते लिहायचं नाही.” मग त्या सुनेकडं वळल्या आणि एकदम खेकसल्या, “बघत काय बसलीयस, स्टाफ? चार पस्तीस झाले. चढव ते यंत्रात.”

एकदम धांदल उडाली. ताईंनी पानांचे फोटो काढले, पहिल्यात त्यांचा अंगठा आला, दुसऱ्यात चावी. नाना ‘निरीक्षण’मधला ‘री’ दीर्घच आहे ना ते बघेपर्यंत पानं सोडेनात. मुलानं प्रत्येक कागद सरळ धरण्यासाठी पट्टी आणली. चार बावन्नला सुनेनं पहिल्या चौकोनात खूण केली. घाईत खूण आधी दुसऱ्याच चौकोनात पडली. तेव्हा पाचही जण एकदम ओरडले, त्यात ताईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. चार चौपन्नला पडद्यावर उमटलं, ‘आपला अर्ज मिळाला आहे.’

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढा वेळ जे लांब होतं ते एकदम घरात येऊन बसलं होतं.

“चला,” मेट्रन म्हणाल्या. “चौतीस बाण. आता वाटणी करायची.” त्यांनी मुलाकडं बोट केलं. “भिंगरीचे केस तू विंचरायचे. माझ्यानं खाली वाकवत नाही. आजपासून. वेणी घाल.”

“आज रविवार आहे. बालवाडी कुठाय?”

“म्हणूनच आज. पहिली चूक सोमवारी करायची नसते.”

त्यानं कंगवा घेतला, थोडा विचार केला आणि पट्टीही घेतली, भांग सरळ यावा म्हणून. भिंगरीला बखोटीला धरून तो आतल्या खोलीत गेला. दार अर्धं लागलं.

अर्ध्या मिनिटात किंकाळी आली. “आई! दुखतंय!”

सून उठलीच होती. तिच्या पायांनी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. दारापर्यंत चार पावलं, त्यातली तीन झाली होती. गुंता खालून सोडवत यायचा, वरून नाही. हे त्याला माहीत नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मेट्रननी तिच्याकडं पाहिलं. छातीवरचं घड्याळ नुसतं हातात धरलं.

“आई! बाबा वेडा आहे! तू ये!”

आतून नवऱ्याचा आवाज आला, घाबरलेला. “थांब थांब थांब. नाही ओढत. कुठं दुखतंय ते दाखव. इथं? बरं. मग आपण खालून सुरू करू.”

सून परत आली आणि खुर्चीत बसली. समोरचा चहा कधीचा गार झाला होता, तो तिनं दोन्ही हातांनी धरून प्यायला सुरुवात केली. नाना पेपराआडून बघत होते. आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता, आणि तिला ठाऊक होतं की गप्प पोराकडं आधी बघायचं असतं. तरी ती उठली नाही.

मग तिसरी हाक आली, हुकमी आणि खणखणीत.

“बाबा! आता दुसऱ्या बाजूची!”